नाममुद्रा आणि टांकसाळ

वर्गीकरण ही विद्येची पूर्वतयारी आहे, प्रत्यक्ष विद्या नव्हे, असा समज आपल्या अभ्यासक्षेत्रांत घट्ट रुजलेला आहे. आधी खण पाडावेत, त्यांत वस्तू लावाव्यात आणि मग अर्थाकडे वळावे. आमच्या मते खण पाडतानाच निम्मा अर्थ ठरून गेलेला असतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नाण्यांचे संग्राहक ज्या अडचणींतून वाट काढतात, त्या साहित्याच्या अभ्यासकाने म्हणूनच पाहून ठेवाव्यात.

१७६५ साली कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. तरी तिचे रुपये निघत राहिले ते बादशहा दुसरा शाह आलम याच्या नावाने आणि फारसी अक्षरांत. टांकसाळीचे नाव मुर्शिदाबाद आणि जुलुसी सन, म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष, १९. पुढे हे रुपये कलकत्त्यात पाडले जाऊ लागले, तरी त्यांच्यावरचे मुर्शिदाबाद पुसले गेले नाही. १८०६ साली शाह आलम वारला, तरी सन एकोणिसावरच राहिला. १८३५ च्या कायद्याने चौथ्या विल्यमचा मुखवटा असलेला एकच रुपया कंपनीच्या मुलखात लागू केला, तेव्हा कुठे हा प्रकार संपुष्टात आला.

राजा, गाव आणि साल तिन्ही खरी नाहीत, म्हणून या नाण्याला लबाड म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. बंगालच्या बाजारात नव्या सालाचा रुपया पुऱ्या किमतीला चाले. साल जुने होत गेले की सराफ त्यावर बट्टा कापत. चांदी तीच, वजनही जवळपास तेच, पण साल उतरले की किंमत उतरे. सन गोठवण्यामागचा एक हेतू हा बट्टा बंद करण्याचा होता. ते साल कालनिर्देशासाठी उरलेच नव्हते. ते हमीचे चिन्ह झाले होते.

मग संग्राहक या नाण्यांचा काळ कसा ठरवतात? ते अक्षरे बाजूला ठेवून कडा पाहतात. तिरप्या रेषांची कडा आधीची, सरळ उभ्या रेषांची नंतरची, साधी गुळगुळीत त्याहून नंतरची. मजकूर जिथे हेतुपुरस्सर स्थिर ठेवलेला आहे, तिथे घडणीची खूण बोलते. पोथीच्या शेवटच्या शकावर न विसंबता कागद आणि अक्षराचे वळण तपासणारा संशोधक याहून वेगळे काय करतो?

इथवर आम्ही संग्राहकांच्या बाजूचे आहोत. आमचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. फ्रेड प्रिडमोर यांच्या १९७५ च्या सूचीत कंपनीची नाणी बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा इलाख्यांत विभागलेली आहेत. सूची म्हणून ही रचना सोयीची आहे, पण ती कारभाऱ्याच्या नजरेने केलेली आहे. पुण्याचा अंकुशी रुपया पाहा. पेशवाईतही त्यावर नाव मोगल बादशहाचे. ओळख मात्र अंकुशाच्या चिन्हाची. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावरही काही वर्षे अंकुशी रुपये निघत राहिले. सत्ताधाऱ्यावरून खण पाडले तर १८१७ चा रुपया मराठ्यांचा आणि १८२० चा कंपनीचा. तो घेणाऱ्या-देणाऱ्या माणसाला मात्र दोन्ही अंकुशीच होते. सत्तांतराची रेषा त्या नाण्यावर बाजाराने ओढलेली नाही. ती आपण मागाहून ओढतो.

केवळ अक्षरांवर विसंबण्याचा धोका उलट्या बाजूनेही आहे. राम-सीता किंवा हनुमान यांच्या चित्रांसह इंग्रजीत कंपनीचे नाव आणि १८१८ सारखे साल कोरलेले तांब्याचे तुकडे आजही ‘दुर्मीळ नाणी’ म्हणून विकले जातात. ती कंपनीची नाणी नव्हेत, मागाहून केलेल्या बनावटी आहेत. पण ‘कंपनी हिंदू देवतांना नाण्यावर आणेलच कशी’, हा त्यामागे दिला जाणारा तर्क चुकीचा आहे. मद्रासच्या होनांवर कंपनीने विष्णूची मूर्ती आणलेली आहे. निष्कर्ष बरोबर असला तरी चुकीच्या कारणाने काढलेला असेल, तर पुढच्या नाण्यापाशी तो फसवणारच.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे सारे अपरिचित वाटू नये. अभंगाच्या शेवटच्या चरणातील नावाला आपण नाममुद्राच म्हणतो. ‘नामा’ ही मुद्रा संत नामदेवांची, तशीच विष्णुदास नाम्याचीही. दोघांच्या रचना गाथेत मिसळल्या. नंतरच्या कवीने थोराच्या नावाने रचना केली, तर तिला सरसकट ‘प्रक्षिप्त’ म्हणून बाहेर काढणे हे शाह आलमच्या रुपयाला सरसकट लबाड म्हणण्यासारखे आहे. ती नाममुद्रा कर्तृत्वाचा दावा करीत असेल, किंवा परंपरेची हमी देत असेल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच तपासल्या पाहिजेत.

सूचीत एका वस्तूला एकच जागा देता येते, ही अडचण आम्हाला मान्य आहे. पण जागा एक असली तरी नोंदी तीन करता येतात: नाव कोणाचे, घडवले कोणी आणि चालवून घेतले कोणी. नाण्यांचे अभ्यासक पहिल्या दोन नोंदी कसोशीने करतात. वाङ्मयाच्या इतिहासात आपण बहुधा दुसरीवरच भांडतो. तिसरी नोंद, म्हणजे सराफाची आणि गिऱ्हाइकाची, कीर्तनकाराची आणि श्रोत्याची, दोन्हीकडे रिकामी राहते. संशोधनाचे विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिथून सुरुवात करावी, असे आम्हाला वाटते.