‘प्रवासात वाचायला ठीक’

‘प्रवासात वाचायला ठीक आहे’ हा आपल्या समीक्षेतला शेलका अपमान. रहस्यकथेबद्दल एवढे म्हटले, की ती वाचण्याची जबाबदारीही संपते.

नागपूरहून संध्याकाळी निघणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसने मुंबई आठशेहून अधिक किलोमीटर. डब्यातली बडबड, मधली स्थानके, अर्धवट झोप या साऱ्यांना पुरून उरत वाचकाला पानाशी खिळवून ठेवण्याच्या कसोटीला किती ‘गंभीर’ कादंबऱ्या उतरतील? घरी वाचक पुस्तकाला सवलत देतो. प्रवासात पकड सुटली की तो खिडकीबाहेर पाहू लागतो. माहिती केव्हा लपवावी, संशय कोणाकडे वळवावा, प्रकरण कुठे तोडावे, हे रचनेचेच प्रश्न आहेत.

बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. हा आकडा सर्वांना पाठ. त्यांतल्या उत्तम दहा कोणत्या, हे सांगणारा समीक्षक कुठे आहे? सुहास शिरवळकर २००३ साली गेले. त्यांच्या ‘दुनियादारी’ला २०१३मध्ये नवा वाचक मिळाला तो चित्रपटामुळे, समीक्षेमुळे नव्हे. बॅरिस्टर अमर विश्वासच्या नशिबी तेवढेही नव्हते.

या लेखनात गल्लाभरू माल पुष्कळ आहे, हे मान्यच. पण सकस आणि निकस वेगळे करणे हेच समीक्षेचे काम. ते वाचकावर ढकलून वर त्याच्याच अभिरुचीला नाके मुरडायची, हा न्याय कुठला? अशा वाचकाने उद्या फलाटावरून इंग्रजी थ्रिलर उचलला, तर मराठी वाचक हरवल्याचा शोक निदान आपण तरी करू नये.