मृग लागण्याआधी गोठ्यात या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पालघर



मृग आठ दिवसांवर आला आहे. वाणगाव परिसरात जो तो पावसाळ्याच्या बेगमीला लागला आहे, आणि ज्यांच्या दारी गुरं आहेत त्यांच्या बेगमीत सरकीची पेंड आणि मक्याचा भरडाही असतो. हे पत्र त्या पोत्यांबद्दल आहे. दुधाची तक्रार तुमच्यापर्यंत येते ती सहसा पाण्याची. माझी तक्रार वेगळी आहे.

दूधभेसळ रोखण्यासाठी शासनाने 2023 मध्ये जिल्ह्याजिल्ह्यात अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या, हे चांगलंच झालं. पण भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले, तेव्हा घातक भेसळ निघाली फक्त 12 नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन एम-1 हे बुरशीचं विष मात्र 368 नमुन्यांत मर्यादेबाहेर सापडलं आणि प्रतिजैविकांचे अंश 77 नमुन्यांत. म्हणजे आपण ज्याच्या मागे धावतो त्याहून मोठा धोका गोठ्यातच तयार होतो. आणि तो कधी तयार होणार हे पंचांग पाहून सांगता येतं.

हे विष दूधवाला मिसळत नाही. दमट हवेत पेंडीला, मक्याला बुरशी धरते, जनावर ते खातं आणि दिवसभरात त्याचा अंश दुधात उतरतो. आपल्याकडे दूध तापवल्याशिवाय सहसा कुणी पीत नाही, ही फार मोठी जमेची बाजू आहे. पण अफ्लाटॉक्सिन उकळून जात नाही. दह्यातही ते राहतं आणि पनीरमध्ये तर साठून येतं. ते कर्करोगाला कारण ठरणारं आहे, म्हणूनच कायद्याने त्याची मर्यादा किलोमागे अवघा अर्धा मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आणि घरात सर्वांत जास्त दूध पितात ती लहान मुलं.

श्रावणात इथल्या गोठ्यांतून एक फेरी मारून पाहा. पोतं जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवलेलं असतं. खालची कड ओल धरून काळपट पडलेली. आत हात घातला की पेंडीच्या गठळ्या लागतात. फोडल्या की हिरवट भुकटी उडते, कुबट वास येतो. मालक त्या गठळ्या हातानेच चुरतो, पाण्यात भिजवतो आणि आंबोण म्हणून म्हशीपुढे ठेवतो. टाकून देणार कशी? पोत्याचे पैसे तो दुधातूनच फेडत असतो. त्याला गुन्हेगार ठरवू नका. पोत्याखाली दोन फळ्या घालाव्यात, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावं, बुरसटलेली पेंड जनावराला घालू नये, हे त्याला कुणी घरी येऊन सांगितलेलं नाही. अशी पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध पुन्हा निर्धोक होतं, हेही नाही.

पावसाळ्याचं दुसरं दुखणं कासदाहाचं, ज्याला शेतकरी दगडी म्हणतो. चिखलात बसलेल्या जनावराच्या सडांतून जंतू शिरतात, कास घट्ट होते, दुधात गाठी येतात. डॉक्टर इंजेक्शन देतात आणि काही दिवस दूध विकू नका म्हणून बजावतात. दारी एक-दोनच जनावरं असलेल्या घराला ते दिवस परवडत नाहीत, आणि दूध कॅनमध्ये जातं. याच दिवसांत हिरव्या चाऱ्याने दूध वाढतं, फॅट उतरतं, साय पातळ येते आणि गिऱ्हाईक पाणी घातल्याचा आळ घेतं. कित्येकदा तो निव्वळ अन्याय असतो.

निरसं दूधही सर्वांत जास्त लागतं ते श्रावणातच. अभिषेकाला, पंचामृताला. तीर्थ म्हणून ते लहानग्यांच्या हातावर पडतं. श्रद्धेला माझी हरकत नाही, मीही हात पुढे करतो. जंतू मरावेत म्हणून दूध उकळून, निववून पंचामृताला घ्यावं, एवढं आवाहन अन्न व औषध प्रशासनाने श्रावणाच्या तोंडावर करावं.

थंडीत दूध भरपूर असतं, टिकतंही. उन्हाळ्याचं तसं नाही. धार काढल्याबरोबर दूध 4 अंशांपर्यंत थंड झालं नाही, तर त्यातले जिवाणू दर अर्ध्या तासाला दुप्पट होऊ शकतात. मोटारसायकलला अडकवलेले कॅन बोईसरच्या कामगार वस्तीत पोचेपर्यंत काय होत असेल, याचा अंदाज करा. मग दूध फाटू नये म्हणून सोडा टाकण्याचा मोह होतो. शिवाय काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही नष्ट होत नाही. दुधात जिवाणू किती वाढलेत हे कळण्यासाठीच मेथिलीन ब्लूची तपासणी असते. नळीतला निळा रंग पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर ते घेण्याजोगं नाही. तिला मोठी प्रयोगशाळाही लागत नाही.

मुंबईतले तबेले हलवण्यासाठी सरकारने याच पट्ट्यात दापचरीला दुग्धप्रकल्प उभारला होता. मुंबईच्या दुधासाठी जो विचार झाला, तो इथल्या गावांच्या दुधासाठीही व्हावा. समितीने तपासणीचं वेळापत्रक सणांऐवजी ऋतूंवर बेतावं: उन्हाळ्यात मेथिलीन ब्लू, जुलै ते ऑक्टोबर अफ्लाटॉक्सिन आणि प्रतिजैविकं. वाणगावला दूध थंड करणारा एक बल्क कूलर द्यावा. कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र जवळच आहे. पेंड साठवण्याचं शिक्षण त्यांच्याकरवी गोठ्यागोठ्यात पोचवावं. आणि औषधोपचार चालू असलेल्या जनावराचं दूध जो शेतकरी प्रामाणिकपणे ओतून देतो, त्याला त्या दिवसांची भरपाई द्यावी. ही शेवटची मागणी खर्चाची आहे, पण तिच्याशिवाय बाकीच्या कागदावर राहतील.

निधी आणि मंजुरीला वेळ लागेल, हे समजू शकतो. फळ्यांना मंजुरी लागत नाही. पशुसंवर्धन विभागाच्या कर्मचाऱ्यांना मृगाआधीच्या या आठ दिवसांत वाणगाव परिसरातल्या गोठ्यांत पाठवावं, ही विनंती.

कळावे,
वाणगावचा एक रहिवासी