हिरव्या लॅपटॉपची बटणे

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात खैरात-धनगरवाडा ही लहानशी वस्ती आहे. तेथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ साली वीस-बावीस मुलांच्या हाती प्रत्येकी एक हिरवा-पांढरा लॅपटॉप आला. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक उपक्रमाचा भारतातील तो पहिला प्रयोग होय. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली होती. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती नाकारली. तरीही खासगी साहाय्याने खैरातचा प्रयोग उभा राहिला.

‘एक्सओ’ नावाचे ते यंत्र आता जुने झाले आहे. २५६ एमबीची स्मृती आणि एक जीबीची साठवण आजच्या साध्या मोबाइललाही अपुरी ठरेल. परंतु त्याची बटणे ज्या विचाराने योजली होती, तो विचार अद्याप जुना झालेला नाही.

कळफलकाच्या वरच्या ओळीत नेहमीची ‘एफ वन’ ते ‘एफ ट्वेल्व्ह’ ही नावे नव्हती. त्यांच्या जागी ठिपक्यांची आणि वर्तुळांची चिन्हे होती. एका ठिपक्याचे बटण दाबले की मुलाचे स्वतःचे दालन उघडे. तीन ठिपक्यांच्या बटणाने त्याचा मित्रगट दिसे. आणि ठिपक्यांच्या कड्याचे बटण परिसरातील सर्व लॅपटॉप पडद्यावर आणी. ही यंत्रे इंटरनेटविनाही एकमेकांशी बिनतारी जोडली जात. वाचता न येणाऱ्या मुलालाही मी, माझे सवंगडी आणि माझी वस्ती हा क्रम बोटाच्या एका स्पर्शात उमगावा, अशी ती योजना होती.

‘कॅप्स लॉक’ हे बटण गाळले होते. काम जतन करण्याची आठवणही ठेवावी लागत नसे; ‘जर्नल’ नावाच्या रोजनिशीत ते आपोआप नोंदले जाई. पडदा वळवून कळफलकावर मिटला की लॅपटॉपचे पुस्तक होई. मग पडद्याच्या कडेवरील बटणांनी पाने उलटावीत आणि आणखी एका बटणाने मजकूर आडवा-उभा फिरवावा. प्रकाश कमी करण्याचे बटण शेवटपर्यंत नेले की पडदा कृष्णधवल होई आणि भर उन्हातही स्वच्छ वाचता येई. भारनियमनाच्या त्या काळात विजेची ही बचत मोलाची होती. कळफलक रबरी व अखंड असल्याने धूळ-पाण्याची भीती कमी होती. आणखी एक सोय विशेष अर्थपूर्ण म्हणावी लागेल. चालू असलेला कार्यक्रम कसा लिहिला आहे, हे उघडून पाहण्यासाठी स्वतंत्र बटण दिले होते. लॅपटॉपच्या मुठीत तर जादा स्क्रू ठेवलेले असत. जो वापरील त्यानेच तो उघडावा आणि दुरुस्त करावा, हा विश्वास त्यामागे होता. नायजेरियातील गालादिमा येथील शाळेत विद्यार्थ्यांनी खरोखरच लॅपटॉपचे ‘रुग्णालय’ चालविले.

इतके असूनही उपक्रमाच्या वाट्याला सर्वत्र यश आले नाही. शंभर डॉलरचे उद्दिष्ट असलेले यंत्र प्रत्यक्षात १८० डॉलरच्या पुढे गेले. पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. गणित व भाषेच्या गुणांत सुधारणा आढळली नाही, सर्वसाधारण आकलनक्षमतेत मात्र थोडी प्रगती दिसली. यंत्र पोहोचले, पण त्याला अभ्यासाशी जोडणारे शिक्षकांचे प्रशिक्षण तोकडे पडले.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर भांडवली खर्चाची तरतूद झाली, आवर्ती खर्चाची राहिली. ग्रामविकासाच्या कामातही हाच भेद निर्णायक ठरतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या अवर्षणग्रस्त गावाने १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामे केली. शासकीय योजनांच्या पैशाला तेथे गावकऱ्यांच्या श्रमदानाची जोड मिळाली, म्हणून ती कामे गावाला आपली वाटली. बाहेरून आलेली वस्तू गावाने आपली मानली की तिची निगा राखली जाते.

आज अनेक कुटुंबे, पेढ्या आणि विश्वस्त संस्था वापरलेले लॅपटॉप खेड्यातील शाळांना देतात. हे दान सत्कारणी लागावे, यासाठी थोडी पूर्वतयारी हवी. लॅपटॉपसोबत त्याचाच चार्जर द्यावा. बॅटरी फुगलेली असेल तर ती बदलावी. बँकेचे, कराचे व घरचे सर्व कागद त्यातून कायमचे पुसावेत. जुन्या लॅपटॉपवर ‘एफएन’ या बटणाच्या रंगातच इतर बटणांवर छोटी चिन्हे छापलेली असतात. ‘एफएन’ दाबून धरून ती बटणे दाबली की आवाज, प्रकाश वा प्रोजेक्टरची जोडणी बदलते. प्रत्येक कंपनीची ही मांडणी वेगळी असते. काही जुन्या यंत्रांच्या कडेला वाय-फायचा सरकता खटका असतो. तो चुकून बंद राहिला की यंत्र बिघडले असे समजून ते कपाटात जाते. म्हणून अशा पाच-सहा बटणांची माहिती सुवाच्य मराठीत एका कागदावर लिहून तो लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवावा.

शेवटी, दुरुस्तीसाठी वर्षाकाठी काही रक्कम बाजूला ठेवावी आणि सहा महिन्यांनी शाळेत जाऊन पाहावे. तोवर कळफलकावरील अक्षरे थोडी पुसट झालेली दिसली, तर देणगी कामी आली असे खुशाल समजावे.