खुर्चीवरच्या माणसालाही विचारा

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हर बंद पडला की आम्ही दोन प्रश्न विचारतो: बिघाड कुठे झाला आणि आधी मिळालेला इशारा कुणी बाजूला ठेवला? दुसरा प्रश्न वरच्यांना आवडत नाही.

इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या रुग्णालयात हाच प्रश्न बालकांच्या जिवाचा होता. हृदयशस्त्रक्रियेनंतर जास्त बालके दगावतात, हे भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन 1990 पासून वरिष्ठांना सांगत होते. शस्त्रक्रिया चालूच राहिल्या. 2001 च्या चौकशी अहवालानुसार 1991 ते 1995 या काळात तिथे एक वर्षाखालील 30 ते 35 बालके इतर केंद्रांच्या तुलनेत जास्त दगावली.

मुख्याधिकारी जॉन रॉयलन्स म्हणाले, मी प्रशासक. वैद्यकीय निर्णय डॉक्टरांचे. पण ते स्वतःही डॉक्टर होते. वैद्यक परिषदेने हा बचाव फेटाळला आणि 1998 मध्ये शल्यविशारद जेम्स विशर्ट यांच्याबरोबर त्यांचेही नाव नोंदवहीतून काढून टाकले.

मला हा निर्णय योग्य वाटतो. ज्याच्या हाती थांबवण्याचा अधिकार होता, तोही जबाबदार.

मित्रांनो, आपल्याकडे मूल दगावले की कुणी डॉक्टरची कॉलर धरतो, कुणी तकदीर म्हणून गप्प बसतो. त्यापेक्षा सरकारी रुग्णालयाला माहिती अधिकारात विचारूया: मुलांच्या किती शस्त्रक्रिया झाल्या, किती मुले दगावली, तक्रारी कुणाकडे गेल्या आणि त्यांनी काय केले?