बर्लिनचा दाखला पुरता सांगा

मा. संपादक,


जर्मनांनी बर्लिनचा पाडलेला राजवाडा पुन्हा उभारला, मग पुण्याने शनिवारवाडा का उभारू नये, असा सवाल आपल्या अंकातील लेखाने केला आहे. लेखकाची तळमळ खरी आहे. वाड्याच्या आत पाऊल टाकल्यावर नुसती जोती पाहून ज्याला वाईट वाटत नाही, असा मराठी माणूस विरळा. पण मी बर्लिनमध्ये राहतो आणि त्या राजवाड्यासमोरून माझी सतत ये-जा असते. लेखात बर्लिनची अर्धीच हकीकत आली आहे. उरलेली अर्धी कळली, तर निष्कर्ष उलटा निघतो.

श्प्रे नदीच्या बेटावरचा हा राजवाडा १४४३ साली बांधायला घेतला, तेव्हा बर्लिनच्या नागरिकांना तो नकोच होता. आपले हक्क बळकावणाऱ्या सत्ताधीशाचा हा कोट, अशा संतापाने १४४८मध्ये त्यांनी बांध फोडून बांधकामात पाणी सोडलं. पुढे १६९८पासून आंद्रेआस श्ल्यूटर या शिल्पकाराने त्याला भव्य बरोक रूप दिलं. होहेनझोलर्न घराणं १९१८पर्यंत इथे नांदलं आणि त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला कार्ल लीबक्नेख्तने इथूनच समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केली. ३ फेब्रुवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात राजवाडा जळाला, तरी बाहेरच्या जाड भिंती उभ्या होत्या. १९४६मध्ये त्याच्या वापरण्याजोग्या दालनांत प्रदर्शनंही भरली. म्हणजे डागडुजी शक्य होती. पण पूर्व जर्मनीच्या सत्ताधाऱ्यांना तिथे संचलनासाठी मोकळं मैदान हवं होतं. वाल्टर उलब्रिख्तच्या राजवटीने ७ सप्टेंबर १९५०पासून वर्षअखेरपर्यंत सुरुंग लावून तो भुईसपाट केला. हे कृत्य अक्षम्य होतं, याबद्दल लेखकाचं आणि माझं एकमत आहे.

लेखाने सोडून दिलेला भाग यानंतरचा आहे. त्या रिकाम्या जागेवर १९७६मध्ये 'पालास्ट डेअर रेपुब्लिक' उघडला. पूर्व जर्मनीची संसद तिथे भरे, पण त्याच छपराखाली नाट्यगृह, उपाहारगृहं, बोलिंगची मार्गिका आणि पाच हजार माणसं मावतील असं सभागृहही होतं. असंख्य दिव्यांमुळे लोक त्याला 'एरिशचं दिव्यांचं दुकान' म्हणत. एरिश म्हणजे पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा होनेकर. पूर्व बर्लिनमधल्या कितीतरी कुटुंबांची लग्नं, वाढदिवस, मैफली तिथे झाल्या. २३ ऑगस्ट १९९०च्या पहाटे त्याच इमारतीत पूर्व जर्मनीच्या लोकनियुक्त संसदेने पश्चिम जर्मनीत सामील होण्याचा ठराव केला. एक देश स्वतःच्या मताने जिथे संपला, ती ही जागा. त्याच वर्षी अॅस्बेस्टॉसमुळे इमारत बंद झाली. पुढे ते अॅस्बेस्टॉस काढून झालं, तरीही २००६ ते २००८ या काळात ती पाडली, कारण २००२मध्ये एकत्रित जर्मनीच्या संसदेने जुन्या राजवाड्याच्या बाजूने कौल दिला होता. एका राजवटीने राजवाडा पाडला आणि दुसरीने राजवाड्यासाठी आधीच्या राजवटीची खूण पाडली. ज्यांचं तारुण्य त्या इमारतीत गेलं, त्यांना पुनर्बांधणीचा उत्सव आपला वाटत नाही. त्यांच्याविषयी लेखात एक ओळ असायला हवी होती.

आता उभारलं ते काय? इटालियन वास्तुविशारद फ्रांको स्टेला यांच्या आराखड्यानुसार काँक्रीटची इमारत झाली. तिच्या तीन बाजूंना श्ल्यूटरच्या काळातले दर्शनी भाग नव्याने घडवून लावले आणि नदीकडची चौथी बाजू सरळ आधुनिक ठेवली. आत राजाची दालनं नाहीत, 'हुम्बोल्ट फोरम' हे संग्रहालय आहे. ५९ कोटी युरोंचा अंदाज ६८ कोटींच्या आसपास गेला. दर्शनी भागांसाठी दहा कोटींहून अधिक युरो देणग्यांतून आले, हे मात्र मनापासून कौतुक करण्यासारखं. लेखात 'राजवाडा परत आला' असं म्हटलं आहे. परत आला तो त्याचा चेहरा.

आणि हा चेहरा तरी कशाच्या आधारावर घडला? प्रशियामध्ये १८८५ साली आल्ब्रेख्त मायडेनबाउअर यांच्या पुढाकाराने एक सरकारी संस्था स्थापन झाली. इमारतींची मापं घेता येतील अशी छायाचित्रं काचेच्या मोठ्या प्लेटांवर टिपणं, हेच तिचं काम. राजवाड्याच्या अशा छायाचित्रांवरून नव्वद-शंभर वर्षांनी एकेका कोरीव पट्टीची उंची-खोली काढता आली. १९५०मध्ये पाडतानाही अभ्यासकांच्या एका गटाने नोंदी केल्या, काही शिल्पं वाचवली. श्पांडाऊच्या कार्यशाळेत कारागिरांनी आधी मातीत, मग प्लास्टरमध्ये आणि शेवटी दगडात एकेक मूर्ती घडवली, ती या पुराव्यावर. त्या कारागिरांची मेहनत थक्क करणारी आहे, हे मी तिथे पाहून सांगतो.

इतकं सगळं हाताशी असूनही प्रश्न सुटले नाहीत. लीबक्नेख्तच्या घोषणेची आठवण म्हणून पूर्व जर्मनीने राजवाड्याचं चौथं प्रवेशद्वार, मूळ शिल्पांसह, साठच्या दशकात शेजारच्या सरकारी इमारतीत बसवलं होतं. ते तिथेच आहे. नव्या राजवाड्यालाही चौथं प्रवेशद्वार आहे. म्हणजे एकच दार आज एकाच परिसरात दोनदा दिसतं. इतिहास जिथे घडला ते कुठलं, हे पाहुण्याला समजावून सांगताना मला दर वेळी खंत वाटते. घुमटाचं प्रकरण याहून अवघड. १८४८ची लोकक्रांती मोडून काढणाऱ्या राजाने घुमटावर क्रूस आणि सर्वांनी येशूपुढे गुडघे टेकावेत अशा आशयाची सोनेरी अक्षरं लावली होती. २०२०मध्ये तीही जशीच्या तशी परत लागली, आणि तीसुद्धा जगभरच्या संस्कृतींचं संग्रहालय म्हणवणाऱ्या इमारतीवर. त्यावर झालेला वाद योग्यच होता. जुनं हुबेहूब करायचं ठरलं की जुन्या सत्तेचा शब्दही हुबेहूब लागतो.

जर्मनीत इतर वाटाही चोखाळल्या गेल्या आहेत. पोट्सडामचा राजवाडा पुन्हा उभारून तिथे ब्रांडेनबुर्ग राज्याची विधानसभा भरते आणि दर्शनी भिंतीवर 'हा राजवाडा नाही' असं फ्रेंचमध्ये सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. ब्राउनश्वाइगच्या राजवाड्याच्या नव्या दर्शनी भागामागे खरेदीचं मोठं संकुल आहे. शनिवारवाड्यामागे आपल्याला तसं काही चालेल का, हे लेखकाने स्वतःला विचारून पाहावं.

बर्लिनच्या याच राजवाड्याबाहेर २०२२पासून सांचीच्या पूर्व तोरणाची पूर्ण आकाराची दगडी प्रतिकृती उभी आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. मूळ तोरण सांचीला उभं आहे आणि नक्कल त्याच्याकडे बोट दाखवते. मूळ नाहीसं झालेल्या वास्तूची, तिच्याच जोत्यावर उभी केलेली नक्कल मात्र मुळाची जागा घेते आणि पुढच्या पिढीला तीच खरी वाटते.

आता पुणे. १७३०मध्ये पायाभरणी, १७३२मध्ये वास्तुशांत, खर्च १६,११० रुपये हे आपल्याला पाठ आहे. पण १८२८च्या आगीत जळालेल्या मजल्यांचं मोजमाप कुणाकडे आहे? गणेश रंगमहालाचं जे दरबारचित्र आपण पुन्हा पुन्हा छापतो, ते जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०५मध्ये इंग्लंडात रंगवलं. व्यवहारात वापरता येईल असं छायाचित्रणच आगीनंतर आलं, त्यामुळे मायडेनबाउअरसारखा पुरावा आपल्याकडे असणं शक्यच नव्हतं. अशा तुटपुंज्या आधारावर मजले चढवले, तर ते पेशव्यांचे नसतील, आजच्या ठेकेदाराच्या कल्पनेचे असतील. शिवाय त्यांच्या पायांखाली खरी जोती, खरे हौद, हजारी कारंजं दडपलं जाईल. रायगडावरची राजसदर पुन्हा उभारण्याच्या कल्पनेबद्दलही मला हेच म्हणायचं आहे. १८१८च्या मे महिन्यातल्या इंग्रजांच्या तोफांनंतर जे वाचलं, ते दगड शिवकालाचे आहेत. त्यांवर आपलं बांधकाम चढवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बर्लिनकडून घ्यायचं असेल, तर मायडेनबाउअरची शिस्त घ्यावी. शनिवारवाड्याच्या प्रत्येक जोत्याची मापं घेऊन नकाशे मराठीत प्रसिद्ध व्हावेत. पेशवे दप्तरातले वाड्यांविषयीचे मोडी कागद लिप्यंतर करून अभ्यासकांना खुले करावेत. मजल्यांचं चित्र लोकांना दाखवायचंच असेल, तर ते पडद्यावर दाखवावं. त्यातली चूक उद्या दुरुस्त करता येते.

आणि सगळ्यांत तातडीचं काम वाड्याबाहेर आहे. पेशवाईतल्या सुतारकामाचा जिवंत पुरावा शनिवार, कसबा, सदाशिव पेठांतल्या उरल्यासुरल्या वाड्यांत आहे. सुरूचे खांब, महिरपी, केळफुलं, चौकांची रचना, सगळं तिथे हाताने चाचपता येतं. पुनर्विकासात हे वाडे एकेक करून जात आहेत आणि जाण्याआधी त्यांची साधी मोजणीही होत नाही. लेखकाने आपली प्रभावी लेखणी त्यांच्यासाठी झिजवावी आणि पेठांत राहणाऱ्या वाचकांनी आपला वाडा पाडायला देण्याआधी निदान त्याची मापं, छायाचित्रं घेऊन ती पुण्यातल्या एखाद्या इतिहास संशोधन संस्थेकडे जमा करावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, बर्लिन