जिन्याखालचं सोड्याचं मशीन

बाबांचं गोळी सोड्याचं मशीन गेली वीस वर्षं महालातल्या आमच्या घरी जिन्याखाली पडून आहे. परवा कबाडी म्हणाला, "भाऊ, लोखंडाच्या भावात देऊन टाका." आधी रागच आला. मग वाटलं, तो चूक तरी काय बोलला?

मशीन तसं साधं. पाणी भरलेल्या बाटल्या पेटीत बसवायच्या, सिलेंडरचा गॅस सोडायचा आणि दांडा फिरवायचा. बाटली उलटी झाली की गोळी तोंडाशी येते आणि गॅसच्या दाबाने रबरी रिंगवर घट्ट बसते. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास काढलेली ही युक्ती. नागपुरी उन्हाळ्यात तिच्यावर आमचं घर चाललं.

लेथवाला म्हणतो, बेअरिंग आणि वॉशर बदलले की फिरेल. फिरेल हो, पण फिरवणार कोण? मित्र म्हणतो, रंगवून हॉलमध्ये ठेव, 'अँटिक' दिसेल. हे मात्र मला पटत नाही. फुटलेल्या बाटलीच्या काचेचा व्रण बाबांच्या हातावर शेवटपर्यंत होता. त्याच हाताने त्यांनी माझी फी भरली. ते मशीन शोभेला ठेवणं म्हणजे त्यांच्या कष्टांना हार घालून मोकळं होणं.

दुरुस्त करायचं तर चालवायला. नाहीतर कबाडीच बरा, लोखंड निदान पुन्हा कामाला येईल.

असो. दुरुस्त करायचं ठरवलंय. बाटल्यांपुढे जाड जाळी बसवून घेईन आणि उन्हाळ्यात दर रविवारी स्वतः दांडा फिरवीन. एक उन्हाळा जरी नुसता गेला, तर कबाडीला मीच हाक मारीन.