भाड्याच्या खोलीतला उन्हाळा

नवतपाचे दिवस. दुर्ग जिल्ह्यातील उतईत पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो. वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत गृहिणी रात्री अकरा वाजता फरशीवर पाणी शिंपडते, तरी दिवसभर तापलेला स्लॅब पहाटेपर्यंत निवत नाही. मुले तळमळत राहतात. कूलर लावावा, तर विजेचे बिल भाडेकरूच्याच माथी! घरमालकाला सांगितले, तर ठरलेले उत्तर : "पटत नसेल तर दुसरी खोली बघा."

पूर्वी या भागात मातीच्या जाड भिंती आणि कवेलूचे छप्पर असे. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाई. भिलाईत पोलाद कारखाना आला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. देशभरातून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. भाड्याच्या पक्क्या खोल्या वाढल्या. पाऊस अडला, पण ऊन आत आले.

याबाबत कायदा काय म्हणतो? इंग्लंडमध्ये 2020 पासून, काही अपवाद सोडल्यास, ऊर्जाबचतीत 'ई' श्रेणीपेक्षा खालचे घर भाड्याने देता येत नाही. तिथे प्रश्न थंडीचा. आपल्याकडे मुख्यतः उन्हाचा. आपल्या 2018 च्या 'इको निवास संहिते'त छप्पर-भिंतींतून येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे, पण ती मोठ्या, नव्या बांधकामांसाठी. छत्तीसगडचा 2011 चा भाडे नियंत्रण कायदा लेखी करार मागतो. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात भिंतींची सफेदी आणि इमारतीची मूळ दुरुस्ती मालकाकडे दिली आहे. खोली किती तापू नये, हे मात्र त्यात नाही.

मग करारातच लिहून घ्यावे. गच्चीला दरवर्षी चुन्याचा पांढरा हात कोणी द्यायचा? भाडेकरूने दिला, तर खर्च भाड्यातून वळता होईल का? पांढरी गच्ची ऊन परतवते. त्यामुळे खोलीचे तापमान 2 ते 5 अंशांनी उतरू शकते. पश्चिमेच्या खिडकीला चटई किंवा वाळ्याची ताटी बाहेरून बांधावी. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, बाहेरची ताटी आधीच.

ही बोलणी फेब्रुवारीतच करावीत. मे महिन्यात दोन्हीकडची डोकी तापलेली असतात!